दुधांतील कण आणि औषधाची हार

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें भिगवण मागें टाकलें, कीं थोड्याच वेळांत पळसदेव लागतें. हें आजचें पळसदेव नवें आहे. जुनें गांव भीमेच्या कांठीं होतें. उजनी धरणाचें पाणी भरूं लागलें तेव्हां तें जलाशयाच्या पोटांत गेलें आणि त्याबरोबर पळसनाथाचें प्राचीन देऊळहि गेलें. परंतु एखाद्या कडक उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें, म्हणजे आधीं शिखर, मग मंडप आणि मग देवळाभोवतालची जमीन अशा क्रमानें तें सर्व पुन्हा उघडें पडतें आणि दूरदूरचे लोक तें पाहावयास येतात. पाण्याखालीं गेलेली वस्तु नाहींशी झालेली असतेच असें नाहीं, ही गोष्ट या भागांतील माणसाला समजावून द्यावी लागत नाहीं. कर्करोगावर उपचार करणाऱ्या वैद्यांस मात्र ती शिकण्यास बराच काळ लागला.

या गांवांतील एखाद्या स्त्रीच्या स्तनांत गांठ निघाली, तर तिच्या घरच्या मंडळींपुढें दोन वाटा असतात. एक पश्चिमेकडे पुण्यास व तेथून मुंबईस जाते. दुसरी इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी अशी बार्शीस जाते. बार्शीस १९८२ पासून कर्करोगाचें रुग्णालय आहे. कोणतीहि वाट धरली तरी शेवटीं शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधें हींच साधनें हातीं येतात. पुष्कळदां औषधानें गांठ विरते व घरचीं माणसें देवापुढें नारळ ठेवतात. परंतु कित्येकींच्या बाबतींत वर्षा-दोन वर्षांनीं हाडांत, यकृतांत किंवा फुप्फुसांत रोग पुन्हा डोकें वर काढतो. आणि ज्या औषधानें पहिल्या खेपेस गुण दिला, तेंच आतां नुसत्या पाण्याप्रमाणें वाहून जातें. औषध तेंच, मात्रा तीच, रुग्णहि तीच. मग बदललें काय?

या प्रश्नाचीं उत्तरें अनेक आहेत. त्यांपैकीं एक उत्तर पेशींनीं स्वतःबाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांत सांपडलें आहे. त्या उत्तराचा इतिहास सरळ नाहीं. प्रथम या पिशव्यांना कोणी ओळखलें नाहीं, मग कोणी त्यांना कचरा ठरविलें. आणि ज्या काळीं जगभर कर्करोगाचा विषाणु शोधण्याची धांवपळ चालली होती, त्या काळीं त्यांच्याच आकाराच्या कणांचा शोध मुंबईंतील मातांच्या दुधांत घेतला गेला.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढील वर्षीं सर दोराबजी टाटा यांचेंहि निधन झालें. त्यांच्या नांवाच्या विश्वस्तनिधींतून परळ येथें उभारलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे होती. केवळ रोग्याच्या गांठीकडे न पाहतां तो रोगी कोणत्या समाजांतील, काय खातो, काय चघळतो, त्याच्या घराण्यांत काय चालत आलें आहे, असे प्रश्न विचारण्याची संवय त्यांनीं आपल्या शिष्यांस लावली. मुंबईसारख्या शहरांत, जेथें एकाच रस्त्यावर दहा समाजांचीं माणसें राहतात, तेथें हे प्रश्न विशेष फलदायी होते. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण इतर समाजांतील स्त्रियांहून अधिक आहे, ही गोष्ट येथेंच ठळकपणें नजरेस आली.

खानोलकरांच्या हाताखालीं काम करण्यास आलेल्या तरुण मंडळींत कमल रणदिवे या होत्या. फर्ग्युसन कॉलेजांतील जीवशास्त्राचे प्राध्यापक दिनकर दत्तात्रेय समर्थ यांच्या त्या कन्या. जन्म पुण्यांत, ८ नोव्हेंबर १९१७ रोजींचा. शिक्षण हुजूरपागेंत व पुढें फर्ग्युसनमध्यें. मुलीनें डॉक्टर व्हावें व डॉक्टराशींच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीनें दोहोंपैकीं एकहि गोष्ट केली नाहीं. तिनें जीवशास्त्र घेतलें व १९३९ मध्यें एका गणितज्ञाशीं लग्न केलें. पुण्याच्या शेतकी कॉलेजांत तिनें सीताफळ-रामफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून एम्. एस्सी. मिळविली. सीताफळापासून कर्करोगापर्यंतची ही वाट आज कोणास विचित्र वाटेल. परंतु जिला पेशी पाहण्याचा नाद लागला, तिला ती झाडाची कीं उंदराची हा भेद फारसा महत्त्वाचा वाटत नसावा. १९४९ मध्यें मुंबई विद्यापीठानें त्यांना पीएच्. डी. दिली. पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं काम केलें. हे गाय म्हणजे माणसाच्या कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर कांचेच्या भांड्यांत अखंड वाढवून दाखविणारे पहिले गृहस्थ. ती विद्या घेऊन कमलाबाई परत आल्या आणि १९५२ मध्यें स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें त्यांनीं पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. या देशांतील तशा प्रकारची ती पहिली गणली जाते.

त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय उंदरांतील स्तनाचा कर्करोग हा होता, आणि तो निवडण्यास सबळ कारण होतें. उंदरांच्या कांहीं वाणांत माद्यांना हा रोग हटकून होतो, कांहींत जवळजवळ होत नाहीं. आनुवंशिकता म्हणून हें प्रकरण मिटलें असतें. परंतु अमेरिकेंतील बार हार्बर येथें जॉन बिटनर यांनीं एक साधा प्रयोग केला. रोगट वाणाच्या मादीचीं पिलें जन्मतांच उचलून त्यांनीं निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजलीं. १९३६ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें, कीं अशा पिलांत रोगाचें प्रमाण पुष्कळच घटतें. यावरून रोगाचें बीज पुष्कळ अंशीं आईच्या रक्तांत नसून तिच्या दुधांत होतें, असें ठरलें. दुधांतील तो घटक म्हणजे एक विषाणु आहे, हें पुढें सिद्ध झालें. आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्र हातीं आल्यावर त्याचे कण डोळ्यांनीं दिसूं लागले. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग करावे, तर त्यांतील एका भागाएवढा हा कण. बाहेरून पेशीच्याच पातळ त्वचेचें वेष्टण, आंत एक गर्द गाभा. कमलाबाईंनीं या विषाणूचा, स्त्रीशरीरांतील अंतःस्रावांचा, बाळंतपणांचा व आनुवंशिकतेचा परस्परसंबंध वर्षानुवर्षे उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर तपासला.

जें उंदरांत, तेंच माणसांत असेल काय? हा प्रश्न १९७० च्या सुमारास साऱ्या जगाला पडला होता. त्याच वर्षीं टेमिन व बाल्टिमोर यांनीं अशा जातीच्या विषाणूंमधील एक विलक्षण किण्व शोधून काढलें व विषाणूंमुळें कर्करोग होतो या मतास भलतेंच बळ आलें. अमेरिकेंतील डॅन मूर यांच्या गटानें मातांचें दूध तपासण्याचें ठरविलें, आणि ज्या समाजांत हा रोग अधिक, त्या समाजांतील दूध हवें म्हणून त्यांचें लक्ष मुंबईकडे वळलें. पारशी माता दूध देण्यास तयार झाल्या. परळच्या संशोधन केंद्रांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग संभाळणाऱ्या डॉ. सत्यवती सिरसाट आणि टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. जाल पेमास्टर हे या कार्यांत सहभागी होते. १९७१ च्या आरंभीं ‘नेचर’ या नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उंदरांतील विषाणूसारखे दिसणारे कण अमेरिकेंतील सर्वसाधारण स्त्रियांच्या दुधांत क्वचित् आढळले. परंतु पारशी स्त्रियांपैकीं दहांत सुमारे चौघींच्या दुधांत ते सांपडले होते.

या बातमीनें उडालेली खळबळ आज कल्पनेंत आणणेंहि कठीण आहे. ज्या घराण्यांत स्तनाचा कर्करोग आहे, त्या घराण्यांतील मातेनें मुलीला अंगावर पाजावें कीं नाहीं, असा प्रश्न उघडपणें विचारला जाऊं लागला. दुधाविषयीं असा संशय उत्पन्न होणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. आईच्या दुधाची आपल्याकडे शपथ घेतात. पुढील वर्षांत हें प्रकरण हळूहळू निवळलें. दुधांत दिसलेले कण आणि कर्करोग यांचा मेळ बसेना. विषाणूसारखे दिसणें आणि विषाणु असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेंहि कळून आलें. अंगावर प्यालेल्या मुलींत रोग अधिक आढळला नाहीं. उलट २००२ मध्यें ३० देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडण्यांत आला, तेव्हां असें दिसलें, कीं बाळाला पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागें आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनीं कमी होतो. पिढ्यान् पिढ्या चालत येणाऱ्या रोगाचें मूळ १९९० मध्यें मेरी-क्लेअर किंग यांनीं सतराव्या गुणसूत्रावर दाखवून दिलें. दूध निर्दोष सुटलें.

मात्र दुधांत कण असतात, हें खोटें नव्हतें. २००७ मध्यें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं मातेच्या दुधांत पेशींनीं सोडलेल्या पुटिका विपुल असतात असें दाखविलें. पुटिका म्हणजे पेशीच्याच त्वचेची इवलीशी बंद पिशवी. तिचाहि आकार त्या विषाणूच्या आसपासचा, तिलाहि तसेंच वेष्टण. १९७१ मध्यें पाहिलेले कण या पुटिकाच होत्या असें म्हणण्यास पुरावा नाहीं. इतकेंच खरें, कीं त्या काळीं दुधांत शत्रूला शोधणाऱ्या नजरेला घरच्याच माणसांची ओळख नव्हती.

ती ओळख दुसऱ्याच वाटेनें पटत चालली होती. १९४६ मध्यें न्यूयॉर्क येथें अर्विन शारगाफ व रँडॉल्फ वेस्ट हे रक्त कां गोठतें याचा अभ्यास करीत होते. रवीनें ताक घुसळलें म्हणजे लोणी वेगळें होतें, त्याच धर्तीवर पण कल्पनातीत वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत त्यांनीं रक्तद्रव फिरविला. तळाशीं जो गाळ बसला, तो काढून टाकतांच रक्तद्रव गोठण्यास फार वेळ लावूं लागला. गाळांत कांहीं तरी कामाचें होतें. १९६७ मध्यें पीटर वुल्फ यांनीं त्या गाळांत रक्तकणिकांपासून सुटलेले सूक्ष्म कण असल्याचें दाखविलें आणि त्यांना चक्क ‘धूळ’ असें नांव दिलें. १९८३ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुई व कॅनडांतील माँट्रिअल या दोन ठिकाणीं जवळजवळ एकाच वेळीं ही धूळ कशी उडते तें उमगलें. माँट्रिअल येथें रोझ जॉनस्टन या मेंढीच्या रक्तांतील अपक्व तांबड्या पेशी पाहत होत्या. अशी पेशी पक्व होतांना तिला लोह ओढून घेणारीं प्रथिनें नकोशीं होतात. ती त्यांना आंतल्या एका मोठ्या पिशवींत लहान लहान पुटिकांच्या रूपानें भरते आणि ती पिशवी वेशीवर नेऊन बाहेर रिती करते. १९८७ मध्यें या पुटिकांना ‘एक्झोसोम’ हें नांव त्यांनीं रूढ केलें. घर झाडून केर उकिरड्यावर टाकावा, तसा हा प्रकार आहे, असेंच बहुतेकांस वाटलें. आणि केराचा अभ्यास करण्यास कोण तयार होणार! एक तप हा विषय बाजूस पडून राहिला. १९९६ मध्यें रक्तांतील संरक्षक पेशी याच पुटिकांच्या द्वारें दुसऱ्या पेशींना शत्रूची खूण पटवितात असें आढळलें, तेव्हां कोठें लोकांच्या भुंवया उंचावल्या.

परंतु खरा धक्का बसला तो २००७ मध्यें. गटेनबर्ग येथील यान लोटवाल व त्यांचे सहकारी यांनीं उंदराच्या पेशींच्या पुटिका गोळा केल्या. त्यांत आर. एन. ए. होतें. प्रथिन कसें घडवावें याचा जो हुकूम पेशीच्या केंद्रांतून निघतो, तो या द्रव्यावर लिहिलेला असतो. त्यांनीं त्या उंदराच्या पुटिका माणसाच्या पेशींवर घातल्या. आणि कांहीं काळानें माणसाच्या पेशींत उंदराचीं प्रथिनें तयार झालेलीं आढळलीं. म्हणजे पुटिका ही पिशवी नसून पाकीट होती. आंत पत्र होतें. ज्याला तें पोंचलें त्यानें तें वाचलें. आणि आज्ञेप्रमाणें कामहि केलें. उकिरड्यावर इतके दिवस टपाल पडलेलें होतें.

आतां औषधाकडे वळावें. स्तनाच्या कर्करोगावर जीं औषधें फार वापरलीं जातात, त्यांत लाल रंगाचें डॉक्सोरुबिसिन हें एक प्रमुख होय. इटलींतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातींत सांपडलेल्या सूक्ष्म जंतूपासून तें निघालें, आणि तेथून जवळच असलेल्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ‘एड्रियामायसिन’ असें दुसरें नांव पडलें. तें पेशीच्या केंद्रांत शिरून तिची वाढ थांबवितें. परंतु कर्करोगाच्या कांहीं पेशी त्याला दाद देईनाशा होतात, आणि चमत्कार असा, कीं एका औषधाला निर्ढावलेली पेशी, जिची कधीं गांठहि पडली नाहीं अशा दुसऱ्या औषधांनाहि निर्ढावते. याचें कारण टोरोंटो येथें १९७६ मध्यें रुडॉल्फ जुलियानो व व्हिक्टर लिंग यांनीं शोधलें. त्यांनीं वापरलेलें विष कोल्चिसिन हें होतें. आपल्या रानांत पावसाळ्यांत जी कळलावी फुलते, तिच्या कंदांत हेंच विष असतें. त्या विषांत तग धरून राहिलेल्या पेशींच्या त्वचेवर त्यांना एक मोठें प्रथिन दिसलें. त्याचें काम पंपाचें आहे. पेशींत शिरलेलें औषध केंद्रापर्यंत पोंचण्यापूर्वींच तें उपसून बाहेर टाकतें. कोल्चिसिन असो, डॉक्सोरुबिसिन असो, या पंपास आवडनिवड नाहीं.

पंप सांपडला तेव्हां बहुतेकांस वाटलें, कीं पंप बंद पाडणारें औषध मिळालें कीं काम झालें. तशा औषधांच्या चांचण्या पुष्कळ वर्षें चालल्या. फळ निराशाजनक होतें. पेशीपाशीं पंपाशिवाय दुसरेहि उपाय होते. आणि पंपाचा हा गुण एका पेशीपुरता राहत नव्हता.

डॉक्सोरुबिसिन स्वतः चकाकणारें द्रव्य आहे. त्यामुळें तें पेशींत कोठें आहे तें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां येतें. २००३ मध्यें मिशिगन विद्यापीठांत असें दिसलें, कीं कर्करोगाच्या पेशी तें औषध पुटिकांत भरून बाहेर सोडीत आहेत, आणि ज्या पेशींत पुटिका सोडण्याची यंत्रणा अधिक जोरांत चालते, त्या औषधाला कमी जुमानतात. दोन वर्षांनीं हायफा येथें स्तनाच्या कर्करोगाच्या निर्ढावलेल्या पेशींत निराळाच बेत उघडकीस आला: शेजारशेजारच्या पेशी आपल्यामध्यें लहान लहान कोठारें करून त्यांत औषध कोंडीत होत्या. पण याहून गंभीर गोष्ट सिडनींतील मेरी बेबावी व त्यांचे सहकारी यांनीं २००९ मध्यें प्रसिद्ध केली. निर्ढावलेल्या पेशींच्या पुटिका त्यांनीं औषधास बळी पडणाऱ्या पेशींवर घातल्या. त्या पुटिकांच्या त्वचेवर पंप जडविलेलेच होते. ते दुबळ्या पेशींच्या अंगावर जसेच्या तसे चढले व काम करूं लागले. हा प्रयोग प्रथम रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर झाला, पुढें स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरहि तसेंच घडतांना दिसलें.

या एका प्रयोगानें एक जुनी समजूत डळमळली. औषध दिल्यावर दुबळ्या पेशी मरतात, आडदांड पेशी उरतात, त्यांचाच वंश वाढतो आणि म्हणून रोग परततो, असें मानलें जात असे. तें खोटें नाहीं. पण त्यांत पिढ्यांचा काळ गृहीत धरलेला आहे. येथें पिढीची वाट पाहण्याचें कारणच उरलें नाहीं. शेजाऱ्यानें हत्यार दिलें कीं भित्राहि लढावयास उभा राहतो.

पत्रें पाठविणाऱ्या पेशी रोगटच असतात असेंहि नाहीं. २०१४ मध्यें फिलाडेल्फिया येथें अँडी मिन यांच्या गटानें दाखविलें, कीं गांठीभोवतीं जी सामान्य जोडपेशींची जाळी असते, तीच आपल्या पुटिकांतून आर. एन. ए. पाठवून कर्करोगाच्या कांहीं पेशींना किरणोपचार व औषधें सोसण्यास समर्थ करते. घरभेदीपणा म्हणावा तर तसें नाहीं. त्या बिचाऱ्या पेशींना आपण काय करीत आहों याची जाणीव नसते.

एका औषधाची कथा निराळी आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. स्तनाच्या कर्करोगाच्या दर पांच-सहा रुग्णांपैकीं साधारणतः एकीच्या गांठींतील पेशींवर ‘हर-टू’ नांवाचें प्रथिन दाट उगवलेलें असतें. ही जात पूर्वीं फार क्रूर समजली जाई. ट्रास्टुझुमाब हें त्या प्रथिनावर नेमकें जाऊन बसणारें औषध १९९८ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें व त्यानें या स्त्रियांचें भवितव्यच पालटलें. परंतु तें महाग होतें. भारतांत त्याच्या स्वस्त आवृत्त्या निघेपर्यंत मध्यम स्थितींतल्या कुटुंबासहि दागिने मोडावे लागत. २०१२ मध्यें मिलान येथें असें आढळलें, कीं या जातीच्या पेशी ज्या पुटिका सोडतात त्यांवरहि तेंच प्रथिन असतें, आणि रक्तांत फिरणारें औषध त्या पुटिकांना जाऊन चिकटतें. पक्ष्यांनीं शेतांतल्या बुजगावण्याला राखणदार समजावें, तसें औषध या पुटिकांना पेशी समजून त्यांतच खर्ची पडतें. रुग्णांच्या रक्तांतील पुटिकांतहि हा गुण आढळला. ज्या औषधाच्या एकेका मात्रेसाठीं घरांत कर्ज होतें, त्याचा अंश अशा रीतीनें फुकट जात असेल, हा विचार मनास चटका लावणारा आहे.

येथें थोडी सावधगिरी हवी. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग कांचेच्या भांड्यांत वा उंदरांवर झालेले आहेत. भांड्यांत एकाच जातीच्या पेशी असतात, आणि त्यांवर घातलेल्या पुटिका शरीरांत आढळणाऱ्या मानानें पुष्कळदां फार अधिक असतात. स्त्रीच्या शरीरांत औषध हरतें तेव्हां त्यांत पुटिकांचा वांटा किती, गुणसूत्रांतील बदलांचा किती, गांठीस रक्तपुरवठा न पोंचल्याचा किती, हें वेगळें काढणें फार अवघड काम आहे. पुटिकांचें उत्सर्जन बंद करणारीं द्रव्यें प्रयोगशाळेंत आहेत; परंतु निरोगी पेशीहि हेंच टपाल वापरतात, म्हणून सरसकट टपाल बंद करणें हा उपाय नव्हे. त्या मानानें रक्ताच्या थेंबांतील पुटिका वाचून औषध हरूं लागल्याचें आधींच ओळखावें, या मार्गावर चाललेलें संशोधन अधिक आशादायक दिसतें.

आणि पळसदेवच्या स्त्रीच्या दृष्टीनें पाहिलें, तर पुटिका हा तिच्यापुढचा पहिला अडथळा नव्हेच. बार्शीच्या रुग्णालयाच्या आश्रयानें १९८७ मध्यें देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली; बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेडींपाडीं तींत येतात. त्या काळीं तेथील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता. आतां सबंध देशांत स्त्रियांच्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग अग्रभागीं आला आहे. गांठ हाताला लागली तरी ती घरांत सांगावयाची कशी, या संकोचांत महिने जातात. गांठ जितकी मोठी, तितक्या तींतील पेशी नानाविध, आणि तितकी औषधाला हरविणारी एखादी पेशी त्यांत आधींच असण्याची शक्यता अधिक. टाटा रुग्णालयानें १९९८ मध्यें मुंबईंतील झोपडपट्ट्यांतून एक मोठा प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वर्षें वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यांत होत्या. त्यांतील अर्ध्या भागांत, शिकवून तयार केलेल्या बायकांनीं घरोघरच्या स्त्रियांची दर दोन वर्षांनीं केवळ हातानें स्तनतपासणी केली. २०२१ मध्यें वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग आधींच्या अवस्थेंत सांपडला. आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु सुमारे तीस टक्क्यांनीं कमी झाले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाहीं. कोणतेंहि यंत्र नाहीं, वीज नाहीं, एका बाईचा शिकलेला हात तेवढा.

कमल रणदिवे २००१ मध्यें निवर्तल्या. १९८२ मध्यें सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें होतें. निवृत्तीनंतर त्यांनीं अहमदनगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. गटेनबर्गची बातमी त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीं आली. पण ज्या पेशीसंवर्धनाच्या विद्येवर ती उभी आहे, ती या देशांत प्रथम रुजविणाऱ्यांत त्या होत्या. आज पुण्यांत गणेशखिंडींतील विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेचें पेशीभांडार आहे. तेथें द्रव नायट्रोजनच्या थंडींत ज्या कुप्या ठेवलेल्या असतात, त्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या ‘एम. सी. एफ.–७’ या पेशीहि आहेत. अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें १९७० मध्यें एका वृद्ध जोगिणीच्या छातींतील पाण्यांतून हर्बर्ट सोल यांनीं त्या प्रथम वाढविल्या. हायफाच्या प्रयोगांतील पेशीहि याच वंशाच्या होत्या. देशभरांतील प्रयोगशाळा पुण्यास मागणी नोंदवितात, आणि त्या जोगिणीच्या पेशी बर्फांत बंद होऊन रवाना होतात.